‘शकतो’, ‘पाहिजे’, ‘लागते’ इंग्रजीत नेताना: मोडल क्रियापदे शिकण्याची एक वाट

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी परदेशातील एका ग्राहकाला ईमेल लिहिली होती: ‘यू मस्ट सेंड द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे.’ माझ्या मनातले मराठी वाक्य सौम्य होते. शुक्रवारपर्यंत कागदपत्रे यायला हवीत, म्हणजे पुढचे काम वेळेत सुरू होईल, एवढेच मला सांगायचे होते. ग्राहकाला मात्र तो हुकूम वाटला आणि त्याचे कोरडे उत्तर थेट आमच्या साहेबांकडे गेले. काही महिन्यांनी नेमका उलटा प्रकार घडला. एका वरिष्ठांनी माझा अहवाल वाचून शेरा मारला, ‘यू मे वॉन्ट टू चेक द फिगर्स अगेन.’ ‘मे’ म्हणजे ‘वाटल्यास’ असे मी शाळेत शिकले होते. मला काही वाटले नाही, म्हणून मी आकडे तपासले नाहीत. त्या शेऱ्याचा खरा अर्थ ‘आकडे चुकले आहेत, पुन्हा तपासा’ असा होता.

पहिल्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि दुसऱ्यातला प्रत्येक शब्द मला माहीत होता. तरीही गोंधळ झाला, कारण ‘मस्ट म्हणजे पाहिजे’, ‘कॅन म्हणजे शकणे’, ‘मे म्हणजे परवानगी’ अशा जोड्या मी पाठ केल्या होत्या. त्या जोड्या सोडून दिल्यावरच मला हा विषय कळू लागला. शब्दाला शब्द न लावता मराठी वाक्यात नेमका कोणता भाव आहे हे आधी ठरवायचे आणि मग त्या भावाचे इंग्रजी क्रियापद निवडायचे, या क्रमाने पुढचा लेख लिहिला आहे. दहावीपर्यंतचे साधे काळ ज्यांना येतात, त्यांना तो पुरेसा समजेल.

हाताशी काय असावे

एक शंभर पानी वही, विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला एखादा इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्या दहा-बारा इंग्रजी ईमेल, अर्ज किंवा पत्रे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपल्या चुका आपल्याच लिखाणात सापडतात. इंग्रजी–मराठी शब्दकोश मात्र या कामापुरता बाजूला ठेवावा. तो पुन्हा त्याच जोड्यांकडे घेऊन जातो. उच्चारांसाठी मोबाईलचा रेकॉर्डर पुरतो.

१. आधी नऊ जणांची ओळख करून घ्या

शाळेच्या पुस्तकात ज्यांना ‘मोडल ऑक्झिलरीज’ म्हटलेले असते, ती मुख्य क्रियापदे नऊ आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. ऑट टू, नीड, डेअर, यूज्ड टू ही त्यांची चुलत भावंडे. काही बाबतींत त्यांच्यासारखी वागतात, काही बाबतींत नाहीत.

या नऊ जणांचा स्वभाव इतर क्रियापदांपेक्षा वेगळा आहे. कर्ता ‘ही’ असो की ‘दे’, त्यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. त्यांच्यानंतर येणारे क्रियापद मूळ रूपातच राहते आणि मध्ये ‘टू’ येत नाही. नकारासाठी किंवा प्रश्नासाठी त्यांना ‘डू’ची मदत लागत नाही. म्हणून ‘ही कॅन स्विम’, ‘ही कॅनॉट स्विम’, ‘कॅन ही स्विम?’ अशी वाक्ये होतात. ‘ही कॅन स्विम्स’, ‘ही मस्ट टू गो’ किंवा ‘डझ ही कॅन स्विम?’ अशी होत नाहीत.

आणखी एक नियम मराठी माणसाला हमखास अडवतो: प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत. मराठीत ‘शकणे’ सर्व काळांत चालते. शकतो, शकलो, शकेन, ‘शकले असते’ अशी रूपे सहज होतात. ‘कॅन’ला भविष्यकाळाचे रूपच नाही आणि त्याच्यामागे ‘विल’ लावता येत नाही. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात मी काम सुरू करू शकेन’ हे ‘आय विल बी एबल टू स्टार्ट नेक्स्ट मंथ’ असे होते. ‘करावे लागेल’ यासाठी ‘विल मस्ट’ नव्हे, ‘विल हॅव टू’. ही दोन वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. कर्ता कोणत्या विभक्तीत आहे ते पाहू नका

हा सल्ला विचित्र वाटेल, पण माझी निम्मी अडचण इथे होती. मराठीत भाव बदलला की कर्त्याचे रूप बदलते: ‘तो येऊ शकतो’, ‘त्याला यावे लागते’, ‘त्याने यावे’, ‘त्याला गाता येते’. इतकेच नव्हे, तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: ‘मला पत्र लिहावे लागते’, पण ‘मला चिठ्ठी लिहावी लागते’. इंग्रजीत यातले काहीच नाही. सगळीकडे ‘ही’ आणि ‘आय’च, भावाचा सगळा भार मोडल उचलते. आपल्याकडे जे काम विभक्ती, विध्यर्थाचा ‘वा’ आणि सहायक क्रियापद मिळून करतात, ते इंग्रजीत एकटा शब्द करतो. तो एक शब्द चुकला की सावरायला दुसरे काही नसते.

म्हणून वाक्य मनात आले की आधी खरा कर्ता शोधावा, म्हणजे काम करणारा कोण ते ठरवावे, आणि त्याला ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’ यांपैकी योग्य रूप देऊन वाक्याच्या आरंभी बसवावे. मराठी सूचनाफलकांवर कर्ता बहुधा नसतोच: ‘चपला बाहेर काढाव्यात’. अशा वेळी इंग्रजीत ‘शूज मस्ट बी लेफ्ट आउटसाइड’ अशी कर्मणी रचना करावी लागते, म्हणजे मोडलनंतर ‘बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप.

३. ‘शकतो’चे तीन अर्थ वेगळे करा

‘तो येऊ शकतो’ या वाक्याचा अर्थ सांगा बरे. त्याचा पाय बरा झाला आहे, आता त्याला चालत येता येईल, हा एक अर्थ. त्याला आत सोडायला आमची हरकत नाही, हा दुसरा. आणि तो कदाचित येईल, सांगता येत नाही, हा तिसरा. मराठीत संदर्भाने भागते. इंग्रजीत मात्र या तीन वाटा वेगळ्या होतात.

पहिली वाट कुवतीची. इथे ‘कॅन’ लागते. ‘कॅन’ हे मुळात ‘माहीत असणे’ या अर्थाचे जुन्या इंग्रजीतले क्रियापद होते. मराठीत आपण ‘मला पोहणे शक्य आहे’ म्हणत नाही, ‘मला पोहता येते’ म्हणतो, म्हणजे ती विद्या मला अवगत आहे. ‘कॅन’चा मूळ अर्थ याच्या जवळचा आहे. भूतकाळातील कुवतीसाठी ‘कुड’: ‘माझ्या आजोबांना मोडी वाचता येत असे’ म्हणजे ‘माय ग्रँडफादर कुड रीड मोडी’.

इथे एक खड्डा आहे. भूतकाळात एकदाच घडलेल्या आणि प्रयत्नाने साधलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात ‘कुड’ वापरत नाहीत. ‘काल खूप गर्दी होती, पण मी गाडी पकडू शकले’ याचे भाषांतर ‘आय कुड कॅच द ट्रेन’ असे केले, तर ऐकणाऱ्याला ‘पकडता आली असती’ असे काहीतरी वाटते. तिथे ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ म्हणावे. नकारात ही अडचण नाही. ‘आय कुडन्ट कॅच इट’ बिनधास्त चालते. ‘पाहू शकले’, ‘ऐकू शकले’ अशा इंद्रियांच्या क्रियापदांनाही ‘कुड’ चालते.

दुसरी वाट परवानगीची. ‘मे आय कम इन?’ म्हणत वर्गाच्या दारात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. आज बोलण्यात परवानगीसाठी ‘कॅन’ सर्रास चालते, ‘मे’ औपचारिक ठरते आणि ‘कुड’ मध्ये कुठेतरी बसते. मात्र ‘कुड’ने परवानगी मागता येते, देता येत नाही. ‘कुड आय यूज युअर फोन?’ याचे उत्तर ‘येस, यू कॅन’ असे असते. ‘येस, यू कुड’ असे नसते.

तिसरी वाट शक्यतेची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो’ याचे ‘इट कॅन रेन दिस इव्हनिंग’ होत नाही. एखाद्या ठरावीक प्रसंगाबद्दल ‘होईल किंवा होणार नाही’ असे सांगायचे असेल, तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ घ्यावे. ‘कॅन’ शक्यतेसाठी वापरतात ते फक्त सर्वसाधारण स्वभाव सांगताना: ‘कोकणात जूनमध्ये धो धो पाऊस पडू शकतो’ हे ‘इट कॅन रेन व्हेरी हेविली इन द कोकण इन जून’ असे म्हणता येईल, कारण ते आजच्या दिवसाबद्दल नसून तिथल्या हवामानाबद्दल आहे.

मी स्वतःसाठी एक चाचणी ठरवली आहे. मराठी वाक्यात ‘कदाचित’ घालून पाहायचे. ‘कदाचित आज पाऊस पडेल’ असे म्हणून अर्थ तोच राहिला, तर ‘मे’ किंवा ‘माइट’. ‘कदाचित मला पोहता येते’ हे हास्यास्पद वाटले, तर ‘कॅन’. औषधाच्या वेष्टनावरचे ‘मे कॉज ड्राउझिनेस’ हे या चाचणीत लगेच उतरते: कदाचित झोप येईल, सर्वांना येईलच असे नाही. ‘माइट’ ही ‘मे’पेक्षा किंचित कमी शक्यता आहे असे शिकवतात, प्रत्यक्षात हा फरक इतका पुसट आहे की त्यावर वेळ घालवू नये.

नकारात मात्र जपावे. ‘ही मे नॉट कम’ म्हणजे कदाचित तो येणार नाही. ‘ही कॅनॉट कम’ म्हणजे तो येऊच शकत नाही. लग्नाच्या पंगतीचा हिशेब या एका शब्दावर बिघडू शकतो.

४. ‘पाहिजे’, ‘लागते’, ‘नये’ आणि ‘गरज नाही’ यांची उतरंड लावा

‘पाहिजे’ हा मराठीतला फार लवचीक शब्द आहे. ‘मला चहा पाहिजे’ मध्ये मोडल येतच नाही, तिथे ‘वॉन्ट’ किंवा सभ्यपणे ‘वुड लाइक’. ‘तू डॉक्टरांकडे जायला पाहिजे’ हा आईच्या तोंडी हुकूम असतो आणि मैत्रिणीच्या तोंडी सल्ला. इंग्रजीत शब्द निवडण्याआधी हे ठरवावे लागते की न केल्यास काय होईल. काहीच बिघडणार नसेल, पण केलेले बरे असेल, तर ‘शुड’. न केल्यास वाईट परिणाम समोर दिसत असेल, तर ‘हॅड बेटर’, ज्यात थोडी धमकी असते. वरिष्ठांना हे चुकूनही लिहू नये. पर्यायच नसेल, तर ‘मस्ट’ किंवा ‘हॅव टू’.

शेवटच्या दोघांतला फरक मराठी माणसाला सोपा जायला हवा, कारण आपल्याकडे ‘लागते’ आहे. ‘मला रोज सहाची गाडी पकडावी लागते’ यात बाहेरची परिस्थिती भाग पाडते: ‘आय हॅव टू कॅच द सिक्स ओक्लॉक ट्रेन’. ‘मी आता अभ्यास केलाच पाहिजे’ यात सक्ती बोलणाऱ्याच्या आतून येते: ‘आय मस्ट स्टडी नाउ’. रोजच्या बोलण्यात लोक ही सीमा कडक पाळत नाहीत, पण ‘लागते’ दिसले की ‘हॅव टू’ घेतले तर सहसा चूक होत नाही. ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, म्हणून ‘लागले’ म्हणजे नेहमी ‘हॅड टू’. समोरच्या माणसाला ‘यू मस्ट’ म्हणताना त्या सक्तीचे मूळ बोलणारा ठरतो, आणि माझ्या ग्राहकाला राग आला तो याचमुळे. ‘वी नीड द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे’ असे लिहिले असते, तर तीच गोष्ट कोणालाही न टोचता पोहोचली असती.

आता सर्वांत धोकादायक जागा. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकमेकांच्या जवळ आहेत. नकारात ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला जातात. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे भरू नयेत, भरायला मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू पे’ म्हणजे भरायची गरज नाही, भरले तरी चालेल. मराठीत ‘भरू नये’ आणि ‘भरायची गरज नाही’ यांत कोणाचीही गल्लत होत नाही, पण ‘तुम्ही यायला नको’ हे वाक्य मात्र दोन्हीकडे झुकते. असे ‘नको’ आले की थांबा, त्याचे ‘नये’ होते की ‘गरज नाही’ होते ते पाहा, आणि मगच पुढे जा. पहिल्यासाठी ‘मस्ट नॉट’ किंवा ‘शुड नॉट’, दुसऱ्यासाठी ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’.

‘नीड’बद्दल एक सूचना. ते दोन वेषांत फिरते. मोडलच्या वेषात ‘ही नीड नॉट गो’. साध्या क्रियापदाच्या वेषात ‘ही डझन्ट नीड टू गो’. दोन वेषांची सरमिसळ करून ‘ही नीड नॉट टू गो’ लिहिलेले कार्यालयीन पत्रव्यवहारात मी अनेकदा पाहिले आहे.

५. अंदाजाची वाक्ये: ‘असेल’, ‘असावा’, ‘असता’

मराठीची या बाबतीतली श्रीमंती मला इंग्रजी शिकतानाच उमगली. स्टेशनावर आपण पाहुण्याची वाट पाहत आहोत आणि तो उतरलाच नाही असे समजा. ‘त्याची गाडी चुकली असेल’ हा मोकळा अंदाज झाला: ‘ही मे हॅव मिस्ड द ट्रेन’. ‘त्याची गाडी चुकली असावी’ यात पुरावा पाहून काढलेला निष्कर्ष आहे: ‘ही मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन’. ‘त्याची गाडी चुकली असती’ म्हणजे चुकली नाही, काहीतरी आड आले म्हणून वाचला: ‘ही वुड हॅव मिस्ड द ट्रेन’. मराठीत एका अक्षराचा फरक, तर इंग्रजीत तीन वेगळी मोडल. हे त्रिकूट मोठ्याने म्हणून पाठ करावे. व्याकरणाच्या दहा कोष्टकांचे काम ते करते.

‘असेल’ मात्र सैल शब्द आहे. ‘दार वाजले, दूधवाला असेल’ यात बोलणाऱ्याला जवळजवळ खात्री असते, आणि तिथे ‘दॅट विल बी द मिल्कमॅन’ असे ‘विल’ चालते. इथले ‘विल’ भविष्यकाळाचे नाही, तर आपल्या ‘असेल’सारखेच अंदाजाचे आहे.

निष्कर्ष नकारार्थी असेल, तर ‘मस्ट नॉट’ टाळून ‘कॅनॉट’ वापरावे. ‘तो घरी असणे शक्यच नाही, दाराला कुलूप आहे’ हे ‘ही कान्ट बी अॅट होम’ असे होते.

६. हळहळ आणि तक्रार

मोडल, मग ‘हॅव’, मग तिसरे रूप ही रचना मागे वळून बोलण्यासाठी आहे, आणि मराठी मनाला ती ओळखीची आहे, कारण आपले निम्मे संभाषण ‘करायला हवे होते’ याच सुरात चालते. ‘मी कालच अर्ज करायला हवा होता’ म्हणजे ‘आय शुड हॅव अप्लाइड यस्टरडे’. ‘सांगायचेस तरी!’ या लटक्या रागासाठी ‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ अगदी नेमके बसते. आणि ‘उगाच छत्री आणली’ मधल्या ‘उगाच’ला इंग्रजीत ‘आय नीडन्ट हॅव ब्रॉट द अम्ब्रेला’ इतके सुंदर उत्तर आहे, हे कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ‘आय डिडन्ट नीड टू ब्रिंग’ म्हटले, तर फक्त गरज नव्हती एवढेच कळते. छत्री आणली की नाही ते गुलदस्त्यातच राहते.

बोलताना ‘शुड हॅव’ हे ‘शुडव्ह’ असे ऐकू येते आणि त्यामुळे ते ‘शुड ऑफ’ असे लिहिण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात. आपण करू नये.

७. ‘वुड’ आवरा आणि ‘यूज्ड टू’ भूतकाळातच ठेवा

भारतीय ईमेलमध्ये ‘आय वुड बी कमिंग टुमॉरो’ असे वाक्य वारंवार दिसते. ‘वुड’ लावले की नम्रता येते असा समज त्यामागे आहे. पण वाचणारा ‘आले असते, पण…’ असे समजून ‘पण’ची वाट पाहू शकतो. ठरलेल्या गोष्टीसाठी ‘विल’ लिहावे.

जुन्या सवयींसाठी मराठीत ‘जायचो’, ‘खायचो’ हे रूप आहे. ‘सुट्टीत आम्ही रोज नदीवर जायचो’ हे ‘यूज्ड टू गो’ किंवा ‘वुड गो’ दोन्हींनी सांगता येते. मात्र ‘आम्ही साताऱ्याला राहायचो’ यासारख्या स्थितीसाठी ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘यूज्ड टू लिव्ह’च हवे. ‘मी रोज सकाळी फिरायला जाते’ या चालू सवयीसाठी ‘आय यूज टू गो’ म्हणणे सरळ चूक आहे. ‘आय गो’ एवढेच पुरे.

८. आदर कुठे ठेवायचा ते शिका

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या प्रत्ययात असतो. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘पाणी द्याल का?’, ‘पाणी मिळेल का?’ या चार पायऱ्यांवर आपण नकळत चढउतार करतो. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या सर्वांना एकच ‘यू’ आहे, म्हणून आदराचा बराच भार मोडलवर पडतो. ‘गिव्ह मी सम वॉटर’ला ‘प्लीज’ जोडल्याने तो पुरता येत नाही. ‘प्लीज सेंड’ हे नम्रपणे केलेले फर्मानच राहते. ‘कॅन यू’ बरोबरीच्या माणसाला, ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’ अनोळखी किंवा मोठ्या माणसाला. ‘मिळेल का?’ या आपल्या खास शब्दप्रयोगासाठी ‘कुड आय हॅव’ किंवा ‘मे आय हॅव’ हे सर्वांत जवळचे आहे. इथला ‘कुड’ भूतकाळ दाखवत नाही. तो बोलणाऱ्याला एक पाऊल मागे नेतो, एवढेच.

‘–ऊ का?’ या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘मी आत येऊ का?’ आणि ‘मी खिडकी उघडू का?’ ही मराठीत सारखीच दिसतात. पहिल्यात मी स्वतःसाठी परवानगी मागते, म्हणून ‘मे आय कम इन?’. दुसऱ्यात समोरच्याला उकडते आहे असे पाहून मी काम करायची तयारी दाखवते, म्हणून ‘शॅल आय ओपन द विंडो?’. ‘जाऊ या का?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’. आजच्या बोलण्यातील ‘शॅल’ बहुतांशी अशा प्रश्नांपुरते उरले आहे; ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’ हा शाळेतला नियम परीक्षेपुरता लक्षात ठेवला तरी चालेल.

आणि वरून येणारे सौम्य मोडल ओळखायला शिका. ‘यू मे वॉन्ट टू’, ‘यू माइट लाइक टू’, ‘कुड वी पर्हॅप्स’ असे शब्द वरिष्ठाकडून किंवा ग्राहकाकडून आले, तर ती सूचना समजून कामाला लागावे. आपल्याकडे ‘बघा, जमलं तर’ असे सासूबाई म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ जसा घ्यायचा असतो, तसाच याचाही घ्यावा.

९. कायद्याच्या आणि नियमांच्या कागदात वेगळे कान लावा

करारपत्र, भाडेपत्र, बँकेच्या अटी किंवा नियमावली वाचताना आतापर्यंतची सगळी सौम्यता विसरावी. तिथे ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘मे’ म्हणजे अधिकार किंवा मुभा. भारतीय राज्यघटनेचा पहिलाच अनुच्छेद ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ असा आहे. हे ‘शॅल’ भविष्याचे भाकीत करत नाही, ते ठरवून टाकते. अनुच्छेद १४ मध्ये राज्याने कायद्यापुढील समानता कोणालाही नाकारायची नाही, हेही ‘शॅल नॉट’नेच सांगितले आहे. याउलट अनुच्छेद ३ मध्ये नवे राज्य निर्माण करण्याबद्दल ‘पार्लमेंट मे बाय लॉ’ असे शब्द आहेत: संसद करू शकते, केलेच पाहिजे असे नाही. द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली, ती संसदेने केलेल्या कायद्यानेच. काही संदर्भांत न्यायालये ‘मे’चा अर्थही बंधनकारक लावतात, त्यामुळे सही करण्याआधी शंका असेल तर वकिलाला विचारावे, व्याकरणावर विसंबू नये.

संगणक क्षेत्रातील वाचकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिताना हे शब्द सैल राहू नयेत म्हणून १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात त्यांच्या व्याख्याच ठरवून दिल्या गेल्या. त्यानुसार ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ म्हणजे अनिवार्य, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण नसेल तर पाळायचेच, आणि ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. त्या कागदांत ‘शुड’ला केवळ सल्ला समजणे महागात पडते.

१०. कानाने ओळखा

‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’ यांच्या स्पेलिंगमधला ‘एल’ उच्चारायचा नाही. गंमत म्हणजे ‘कुड’मध्ये तो मुळात नव्हताच, बाकीच्या दोघांचे पाहून तो नंतर घुसला. ‘मसन्ट’ म्हणताना मधला ‘टी’ गिळावा.

‘वोन्ट’ आणि ‘वॉन्ट’ हे आपल्याकडे अनेकांच्या तोंडून एकसारखेच येतात. ‘आय वोन्ट गो’ म्हणजे जाणार नाही, ‘आय वॉन्ट टू गो’ म्हणजे जायचे आहे. अर्थ पूर्ण उलटा होतो, म्हणून पहिल्यातला ‘ओ’ लांबवून म्हणायची सवय करावी.

अमेरिकी बोलण्यात ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ ओळखणे अवघड जाते, कारण शेवटचा ‘टी’ ऐकूच येत नाही. तिथे जोरावर लक्ष ठेवावे. होकारातले ‘कॅन’ घाईत ‘कन्’ असे निसटते आणि जोर पुढच्या क्रियापदावर येतो. नकारातले ‘कॅन्ट’ ठसठशीत उच्चारले जाते. तरीही खात्री नसेल, तर विचारून घ्यावे. मी अजूनही विचारते.

११. स्वतःच्या दहा ईमेल काढा

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेली ती पत्रे घ्या. प्रत्येक मोडलखाली रेघ मारा आणि समासात मराठीत फक्त भाव लिहा: कुवत, परवानगी, शक्यता, सल्ला, सक्ती, मनाई, अंदाज, हळहळ, विनंती. दोन भाव एकाच ठिकाणी लिहावेसे वाटले, तर ते वाक्य संदिग्ध आहे, ते बदला. ‘मस्ट’ जिथे जिथे दुसऱ्या माणसाला उद्देशून आला असेल, तिथे त्याऐवजी ‘वी नीड’ किंवा ‘कुड यू’ लिहून वाक्य पुन्हा वाचा. माझ्या पहिल्या दहा ईमेलमध्ये असे सात ‘मस्ट’ निघाले होते, आणि त्यातले चार माझ्याच साहेबांना लिहिलेले होते.